आपत्तीसाठी राखलेली माणसे आपत्तीच्या वेळी असतात कुठे?

कृष्णाकाठ

प्रादेशिक सेना, म्हणजे आपल्याकडे सर्रास जिला टी.ए. म्हणतात ती, 1948 च्या कायद्यानुसार 1949 मध्ये उभी राहिली. नोकरी-व्यवसाय सांभाळून वर्षातून सर्वसाधारणपणे दोन महिने गणवेश चढवणारे नागरिक ही तिची मूळ कल्पना आहे, आणि नैसर्गिक आपत्तीत नागरी प्रशासनाला साहाय्य करणे हे तिच्या कामांत स्पष्टपणे नमूद केलेले आहे. मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न अशी तिची 101 वी बटालियन पुण्याची आणि 109 वी आमच्या शेजारच्या कोल्हापूरची आहे.

असे असताना प्रत्येक महापुरात आम्ही सांगलीकर पुण्याहून नियमित लष्कराची किंवा एन.डी.आर.एफ.ची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पथके कधी पोहोचतात याची वाट का पाहत बसतो, हा माझा प्रश्न आहे. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेल्याने मदत रस्त्याने येण्याचा मुख्य मार्गच बंद झाला होता. त्याच पुरात 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली गावातील बोट उलटली आणि अनेक जीव गेले. त्या बोटीवर प्रशिक्षित माणूस आणि पुरेशी लाइफ जॅकेट असती, तर बहुतेक जण वाचले असते असे माझे ठाम मत आहे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक पूरप्रवण जिल्ह्यात टी.ए.ची एक कंपनी असावी आणि तिचे दोन महिन्यांचे वार्षिक प्रशिक्षण जुलै-ऑगस्टमध्येच घ्यावे, म्हणजे पाणी वाढेल तेव्हा माणसे आधीच जमलेली, बोटींसह तयार असतील. यात अडचण काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_फौजी

सूचना वाचायला चांगली आहे. मात्र टी.ए.चे जे चित्र आपण रंगवले आहे ते निम्मे कागदावरचे आहे. टी.ए.च्या इन्फंट्री बटालियन वर्षातून दोन महिने एकत्र येऊन घरी जातात असे आता फारसे होत नाही. त्यांतील बऱ्याच बटालियन दीर्घकाळ बोलावलेल्या अवस्थेत जम्मू-काश्मीर आणि ईशान्येकडे तैनात असतात. मे 2025 मध्ये तर केंद्राने लष्करप्रमुखांना टी.ए. बोलावण्याचे अधिकार दिले आणि 32 इन्फंट्री बटालियनपैकी 14 बटालियन देशातील वेगवेगळ्या कमांडच्या क्षेत्रांत तैनात करण्यास मान्यता दिली. त्यामुळे बटालियनचे नाव आणि मुख्यालय आपल्या जिल्ह्याचे असले, तरी पंचगंगेला पाणी आले त्या दिवशी तिच्या कंपन्या कोल्हापुरातच असतील असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा मुद्दा कौशल्याचा. इन्फंट्रीचा जवान धाडसी असतो, पोहणाराही असतो, परंतु वेगाने वाहणाऱ्या पाण्यात ओ.बी.एम. (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) लावलेली बोट चालवणे, विजेच्या तारा आणि बुडालेल्या कुंपणांमधून ती काढणे आणि घाबरलेल्या माणसांना एका बाजूला गर्दी न करू देता चढवणे हे वेगळे शिक्षण आहे. 2021 मध्ये दक्षिण कमांडने ‘ऑपरेशन वर्षा 21’ खाली रत्नागिरी, कोल्हापूर आणि सांगलीसाठी जी पथके काढली, ती पुण्यातील औंधच्या लष्करी तळावरची आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपची, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी शाखेची होती. इंजिनिअर पाठवण्यामागे कारण होते. मी स्वतः इंजिनिअरचाच असल्याने हा मुद्दा थोडा अभिमानाने मांडतो आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

तिरकस

म्हणजे आपल्या राखीव दलाचा सर्वांत मोठा गुण असा की कागदावर असल्यामुळे ते बुडत नाही.

मुक्ता

मूळ प्रश्नात एक गोष्ट सुटली आहे असे वाटते. लष्करावरचा भार कमी करण्यासाठीच आपण स्वतंत्र दल उभे केले आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने एन.डी.आर.एफ.ची तरतूद केली आणि 2006 मध्ये आठ बटालियनपासून ते दल सुरू झाले. आज 16 बटालियन आहेत, त्यांतील पाचवी तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याला आहे. सुरुवातीला या बटालियन बंदोबस्तासाठीही वापरल्या जात असत. दोन धन्यांची चाकरी करणारे दल एकाही कामात तरबेज होत नाही हे लक्षात आल्यावर 2008 मध्ये त्यांना केवळ आपत्तीच्या कामासाठी अधिसूचित करण्यात आले, आणि त्यानंतरच त्यांच्या कामाचा दर्जा उंचावला. टी.ए.ला आपत्तीचे काम देणे म्हणजे 2008 मध्ये निस्तरलेला घोळ पुन्हा ओढवून घेणे आहे. राज्याच्या स्वतःच्या प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. त्या वाढवाव्यात, त्यांतील एक पश्चिम महाराष्ट्रात आणि एक कोकणात आणावी. प्रश्न तेथे सुटतो.

कृष्णाकाठ

मुक्ताताई, एन.डी.आर.एफ.बद्दल मला आदरच आहे. परंतु त्या दलातील माणसेही केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल वगैरे दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि काही वर्षांनी परत जातात. नृसिंहवाडीला पाणी कोणत्या बाजूने आधी शिरते, हे दर नव्या तुकडीला नव्याने समजून घ्यावे लागते. मला स्थानिक माणूस हवा आहे.

होमगार्ड_साताऱ्याचा

स्थानिक राखीव माणूस म्हणाल तर तो आम्ही आहोत, आणि आमची आठवण कोणालाही झाली नाही. होमगार्ड संघटनेची स्थापना 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबईत झाली, म्हणजे आम्ही टी.ए.पेक्षाही जुने. पूर, आग, भूकंप यांत मदत करणे हे आमच्याही कर्तव्यांत आहे.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आषाढी वारीला बंदोबस्त, मोहरमला बंदोबस्त, गणपतीला बंदोबस्त, आणि निवडणूक आली की दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्त. पावसाळा आणि हे सण एकाच काळात येतात. पूर आला की तहसील कार्यालय आमची यादी काढते, तर यादीतील बरीच माणसे आधीच पोलीस ठाण्याला दिलेली असतात. जी उरतात त्यांना पुलावर दोरी धरून उभे करतात, कारण बोटीचे प्रशिक्षण फार थोड्यांना मिळालेले असते. शिवाय मानधन कामाच्या दिवसाचे. खासगी कारखान्यात नोकरी करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला पुराच्या कामावर गेल्याबद्दल बिनपगारी रजा मांडण्यात आली. त्यानंतर बोलावणे आले की तो फोन उचलत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

अभय_ह्यूस्टन

अमेरिकेत नॅशनल गार्ड ही अगदी मूळ प्रश्नात मांडलेली व्यवस्था आहे. गार्डचे जवान एरवी नोकरी करतात, महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून सुमारे दोन आठवडे सराव करतात, आणि वादळ आले की राज्याचे गव्हर्नर त्यांना बोलावतात. 2017 मध्ये हार्वी वादळात टेक्सासच्या गव्हर्नरांनी राज्याचे संपूर्ण गार्ड, म्हणजे सुमारे 12 हजार माणसे बोलावली होती. आमच्या भागातील रस्त्यांवर पाण्यातून जाणारे उंच लष्करी ट्रक मी स्वतः पाहिले आहेत.

परंतु याच व्यवस्थेने 2005 मध्ये कतरिना वादळात मोठा धडा घेतला. न्यू ऑर्लीन्स बुडाले तेव्हा लुइझियानाच्या गार्डची 256 वी ब्रिगेड इराकमध्ये होती. जवानांबरोबर त्यांची वाहने आणि वायरलेस संचही तिकडेच होते. दोन वर्षांनी कॅन्ससमध्ये ग्रीन्सबर्ग हे गाव टोर्नेडोने भुईसपाट झाले, तेव्हाही तेथील गव्हर्नरांनी गार्डची सामग्री इराकमध्ये अडकल्याची तक्रार जाहीरपणे केली होती. जुना_फौजी यांनी कोल्हापूरच्या बटालियनबद्दल जे लिहिले, तेच येथे घडले होते.

कतरिनाच्या वेळी निभावले ते राज्याराज्यांतील परस्पर मदतीच्या करारामुळे. इतर राज्यांनी आपापले गार्ड पाठवले आणि अखेर 50 हजारांच्या आसपास गार्ड तेथे जमले. त्यातही आदेश कोणाचा, गव्हर्नरांचा की राष्ट्राध्यक्षांचा, यावरून आठवडाभर ओढाताण झाली आणि लुइझियानाच्या गव्हर्नर ब्लँको यांनी आपल्या गार्डचा ताबा केंद्राकडे देण्यास नकार दिला.

आणखी एक अडचण आकडेवारीत दिसत नाही. गार्डमध्ये पोलीस, अग्निशामक आणि रुग्णालयातील परिचारक पुष्कळ असतात. अशा माणसाला गार्डने बोलावले की गावच्या अग्निशमन केंद्रातला एक माणूस कमी होतो. एकच माणूस दोन याद्यांत मोजलेला असतो.

डॉ_स्नेहल

अभय यांचा शेवटचा मुद्दा वैद्यकीय मनुष्यबळाला तर अधिकच लागू पडतो. जिल्हा रुग्णालयातील शल्यचिकित्सक राखीव दलात घेतला, तर आपत्तीच्या दिवशी तो तंबूत हवा की शस्त्रक्रियागृहात? माझे उत्तर शस्त्रक्रियागृहात असे आहे. राखीव यादी करताना पहिला प्रश्न ‘हा माणूस त्या दिवशी दुसऱ्या कोणाला हवा असेल का’ हाच विचारला पाहिजे. आपल्याकडे तो कोणी विचारत नाही, याद्या मात्र भरपूर असतात.

प्रशासनातला_एक

मी एका जिल्हा कार्यालयात काम करतो, त्यामुळे नाव न लिहिता थोडी प्रक्रिया सांगतो.

लष्कर नागरी प्रशासनाच्या मदतीला येते ते मागणीवरून. जिल्हाधिकारी परिस्थितीचे स्वरूप, आवश्यक मदतीचा प्रकार आणि ठिकाण लिहून मागणी करतात. अगदी प्राणांतिक प्रसंगी जवळचा लष्करी अधिकारी लेखी मागणीची वाट न पाहता मदत सुरू करू शकतो. लष्कराला सर्वांत शेवटी बोलवावे आणि सर्वांत आधी मोकळे करावे, असे तत्त्व आहे. यात दोष नाही. अडचण अशी, की आपल्या हाताशी काय शिल्लक आहे हे नीट ठाऊक नसलेला अधिकारी ‘शेवटी’ म्हणजे केव्हा हे ठरवू शकत नाही. मग एकतर घाबरून पहिल्याच दिवशी मागणी जाते, किंवा ‘आपण सांभाळू’ म्हणत एक रात्र वाया जाते. पुरात ती एक रात्र फार महाग पडते.

खर्चाचेही पाहा. लष्करी मदत फुकट नसते. हवाई दलाने 2006 पासून वायनाडच्या दुर्घटनेपर्यंत केलेल्या बचावकार्याचे सुमारे 132 कोटी रुपयांचे देयक केंद्राने केरळला 2024 मध्ये पाठवले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. हा हिशेब पाहिला, तर राज्याने स्वतःचे स्थानिक मनुष्यबळ सांभाळणे महाग वाटायला नको.

‘आपदा मित्र’ योजनेचा उल्लेख अजून कोणी केला नाही. देशातील 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक, 12 दिवसांचे प्रशिक्षण, बचावसामग्रीचा संच आणि विमा असे तिचे स्वरूप होते. प्रशिक्षण बऱ्यापैकी झाले. पुढे या मुलांना दरवर्षी बोलावून उजळणी घेण्याची आणि बोलावल्यावर त्यांचा रोजगार सांभाळण्याची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. त्यांच्यातील कितीतरी जण आता पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत. यादीत ते अजून आमच्याच जिल्ह्यात आहेत.

भटक्या_सह्याद्रीचा

आमच्या डोंगरातली गोष्ट थोडी वेगळी आहे. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून खोल दरीत उतरणारे पहिले हात महाबळेश्वर आणि पोलादपूर परिसरातील गिर्यारोहकांचे होते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रमंडळासारखी पथके वर्षभर हेच काम करतात. 22 जुलै 2021 रोजी तळीये गावावर दरड आली, तेव्हा महाडच्या पुराने आणि ठिकठिकाणच्या दरडींनी रस्ते बंद होते आणि कोणतेही दल वेळेवर पोहोचू शकत नव्हते. ढिगाऱ्याशी पहिल्यांदा भिडली ती आसपासची माणसे.

अशा पथकांना गणवेश नको आहे. त्यांना दोर हवा, विमा हवा आणि नोकरीच्या ठिकाणी विचारणा झाली तर दाखवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा कागद हवा. मात्र त्यांना टी.ए.मध्ये भरती करून कवायत शिकवू नका. निम्मी पळून जातील.

जुना_फौजी

कवायत वाईट नसते हो. अंधारात, पावसात, चाळीस माणसांपैकी कोण कुठे आहे हे एका हाकेत कळते, ते कवायतीमुळेच. उत्साही पथकांचे कौतुक करूनही सांगतो, की तीन दिवस सलग काम करायचे असेल तेव्हा पाळ्या लावणे, जेवण, इंधन आणि झोप यांचा हिशेब ठेवणे हे शिस्तीशिवाय होत नाही. तिसऱ्या दिवशी अपघात होतात ते बहुधा बचाव करणाऱ्यांचेच.

राइनकाठी

जर्मनीतील टी.एच.डब्ल्यू. ही संस्था या दोन्ही टोकांच्या मधली आहे, म्हणून लिहितो. 1950 मध्ये स्थापन झालेले हे केंद्र सरकारचे दल आहे, लष्करी नाही. सुमारे 80 हजार माणसे त्यात आहेत आणि पगारी कर्मचारी सोडले तर जवळजवळ सगळे स्वयंसेवक आहेत. गावोगावी त्यांचे केंद्र, स्वतःचे ट्रक, पंप, जनरेटर, तात्पुरते पूल उभारण्याचे साहित्य. जुलै 2021 मध्ये आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला, तेव्हा ही माणसे कित्येक महिने तेथे काम करत होती.

ते टिकते कशामुळे, तर स्वयंसेवकाला कामावर बोलावले की मालकाने त्याचा पगार चालू ठेवायचा आणि सरकारने तो मालकाला भरून द्यायचा, असा कायदाच आहे. होमगार्ड बंधूंनी सांगितलेला बिनपगारी रजेचा प्रकार येथे उद्भवत नाही. पूर्वी सक्तीची लष्करसेवा होती, तेव्हा या दलात काही वर्षे काम करण्याचे मान्य केल्यास त्या सेवेतून सूट मिळत असे. 2011 मध्ये सक्ती स्थगित झाल्यावर तरुणांचा हा हमखास ओघ आटला आणि माणसे मिळवण्यासाठी त्यांना बरेच कष्ट घ्यावे लागले.

मुक्ता

राइनकाठी यांचा प्रतिसाद वाचून माझे मत थोडे सरकले आहे. स्थानिक राखीव माणूस हवा हे मान्य. परंतु तो संरक्षण खात्याच्या यादीत नको, कारण सीमेवर ताण आला की तो पहिला तिकडे जाणार, आणि तसे होणे योग्यही आहे.

जुना_फौजी

एका अपवादाकडे लक्ष वेधतो. टी.ए.मध्येच इको बटालियन नावाचा प्रकार आहे. पहिली 1982 मध्ये मसुरीच्या डोंगरांसाठी उभी राहिली. आपल्याकडे मराठवाड्यात वृक्षारोपणासाठी छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) 136 वी आहे. या बटालियनमध्ये प्रामुख्याने त्या भागातील माजी सैनिक घेतात, खर्च राज्य शासन किंवा केंद्रातील संबंधित खाते उचलते, आणि काम स्थानिक व ठरलेले असते. त्यांना उठवून काश्मीरला नेत नाहीत. झाडांसाठी हा आराखडा चालतो, तर पुरासाठी का चालू नये? माझ्यासारखी चाळिशीत निवृत्त झालेली, बोट चालवू शकणारी, वायरलेस समजणारी माणसे सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावागावांत आहेत आणि बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभी आहेत. पुढे चार वर्षांनी बाहेर पडणारे अग्निवीर आहेतच. त्यांतील जे नियमित सेवेत घेतले जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही हा एक मार्ग होऊ शकतो.

तिरकस

झाडे लावण्यासाठी बटालियन आहे आणि झाड अंगावर पडले तर फोन कोणाला करायचा याचा धागा चालू आहे. चालू द्या.

प्रशासनातला_एक

सुभेदारसाहेब (पदाचा अंदाज केला आहे), आराखडा चांगला आहे, पण वर्षभराच्या पगाराचा भार वित्त विभाग मान्य करेल असे मला वाटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या निधीतील 20 टक्के भाग आपत्ती सौम्य करण्यासाठी आणि 10 टक्के पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी राखला. त्यातून बोटी, प्रशिक्षण, उजळणी यांचा खर्च मागता येईल. कायमस्वरूपी वेतनासाठी तो निधी वापरता येणार नाही. म्हणून चार महिन्यांपुरती माणसे असा काही मार्ग निघाला, तरच फाइल पुढे सरकेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे प्रतिसाद वाचून मूळ सूचनेतील टी.ए.चा आग्रह बाजूला ठेवतो आणि चार महिन्यांच्या मुद्द्यावरून वेगळी सूचना करतो. आमच्या भागातील साखर कारखाने दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि उन्हाळा लागण्यापूर्वी किंवा उन्हाळ्यात बंद होतात. फिटर, वेल्डर, ट्रॅक्टर आणि क्रेन चालवणारे हंगामी कामगार पावसाळ्यात कारखान्याच्या कामावर नसतात, आणि त्यांतील अनेकांना बिगरहंगामात धारण भत्ता, म्हणजे काम नसतानाही पुढच्या हंगामासाठी टिकवून ठेवण्याचा भत्ता मिळतो. इंजिन बंद पडले तर पाण्यात उभे राहून ते सुरू करणारी ही माणसे आहेत. ती त्या काळात दुसऱ्या कोणाच्या यादीत नाहीत, म्हणजे डॉ. स्नेहल यांच्या कसोटीलाही उतरतात. धारण भत्त्यात राज्याने भर घालावी, प्रशिक्षण माजी सैनिकांनी मे महिन्यात द्यावे, आणि जून ते सप्टेंबर ही माणसे जिल्हा प्राधिकरणाच्या आदेशाखाली असावीत.

होमगार्ड_साताऱ्याचा

कल्पना पटते. पण नदीकाठच्या कारखान्याचा कामगार नदीकाठीच राहतो. पाणी आले की त्याचे स्वतःचे घर, म्हैस आणि आई-वडील आधी. 2019 ला आमच्यातील काही जण याच कारणाने येऊ शकले नाहीत, आणि त्यांना कोणी काही बोललेही नाही.

कृष्णाकाठ

म्हणूनच निम्मी माणसे जत, आटपाडी, कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून घ्यावीत. त्यांचा जिल्हा एकच असतो आणि घर मात्र सुरक्षित असते.

तिरकस

जतच्या माणसाला पोहायला शिकवायचे, तर आधी तेथे पाणी न्यावे लागेल.

जुना_फौजी

म्हैसाळ योजनेचे पाणी गेले आहे की तिकडे. आणि बोटीवर लाइफ जॅकेट घातलेला, सांगितलेल्या जागी बसणारा, दोर अचूक फेकणारा माणूस लागतो. पट्टीचा पोहणारा दर बोटीमागे एक असला तरी भागते. मला त्यापेक्षा आदेशाची चिंता आहे. कारखान्याचा माणूस, माजी सैनिकाचे प्रशिक्षण, तहसीलदाराचा आदेश आणि शेजारी एन.डी.आर.एफ.चे पथक, अशा वेळी बोट कोणत्या वाडीकडे आधी जाणार हे कोण ठरवणार? ते मे महिन्यातच लिहून ठेवले नाही, तर ऑगस्टमध्ये प्रत्येक पुढारी स्वतःच्या गावाकडे बोट वळवेल.

प्रशासनातला_एक

कायद्याने ते जिल्हा प्राधिकरण ठरवते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. व्यवहारात काय होते ते आपण लिहिलेच आहे. कृष्णाकाठ, आपण हे दोन पानांत मांडून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे दिलेत, तर मॉन्सूनपूर्व आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते घेता येते. त्यासोबत कारखान्यांकडून हंगामी कामगारांची व्यवसायनिहाय यादी मागवावी लागेल. साखर सहसंचालकांच्या कार्यालयातून ती मागवल्यास लवकर मिळेल, थेट कारखान्यांकडे पत्रे पाठवली तर गळीत हंगाम उजाडेल.